घरातला चांदीचा रुपया

लक्ष्मीपूजन जवळ आले की आपल्याकडे राणीछाप रुपये बाहेर निघतात आणि चिंच, राख, रांगोळी लावून लखलखीत घासले जातात. मंडळी, हे थांबवा! रुपयावरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचाच झालेला संयोग. तो खरवडला की चांदीही जाते, राणीच्या केसांच्या रेघा बुजतात, आणि संग्राहक असा रुपया फार तर वजनाच्या भावाने मागतो. कुंकवाचा चिकटा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मग सुती कापडाने नुसते टिपायचे. बस्स.

आता खरेखोटेपणा. रुपया वाजवून पाहता, ठीक आहे. पण कानाचा काय भरवसा? चुंबकाला चांदी चिकटत नाही, तसे तांबे नि शिसेही चिकटत नाही. वजनही फसवते. इंग्रजी अमलातल्या १८३५ ते १९३९ च्या रुपयात शेकडा ९१.७ चांदी, १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. वजन मात्र दोहोंचे ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळाभर.

तेव्हा पाण्याला विचारा. सराफी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. जुना रुपया सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील, निम्म्या चांदीचा १.२२. नाणे झिजलेले असेल तर त्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा; जुन्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे. नाण्याला चिकटलेले बुडबुडे तेवढे आधी झटकून टाका, नाहीतर चांगल्या रुपयावर नाहक आळ यायचा.