हौद्यावरचे झाकण

बैलगाडीतील धान्यावर गोणपाट पसरणारा शेतकरी आणि मालमोटारीवर ताडपत्री आवळणारा क्लीनर या दोघांनाही एक गोष्ट पुरती ठाऊक असते. माल भरला म्हणजे अर्धेच काम झाले. तो नीट झाकला म्हणजे काम पुरे झाले. हा जुनाच प्रश्न आज अमेरिकेत एका नव्या वाहनाच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला आहे. ते वाहन म्हणजे विजेवर चालणारी पिकअप गाडी. तिच्या उघड्या हौद्यावर कोणते झाकण घालावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु तिकडे सुतार, प्लंबर, वायरमन अशा कारागिरांचे सारे दुकान त्या हौद्यातच असते. हत्यारांची पेटी एका रात्रीत नाहीशी झाली, तर दुसऱ्या दिवशीचे काम बुडते आणि घरची चूलही थंडावते. म्हणून झाकणाची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

या झाकणाला इंग्रजीत ‘टोनो’चे आच्छादन म्हणतात. फ्रेंच भाषेत टोनो म्हणजे पिंप. मोटारीच्या बाल्यावस्थेत उघड्या गाडीतील मागच्या गोलसर बैठकीला हे नाव पडले, आणि ती बैठक झाकणाऱ्या कापडालाही तेच चिकटले. पुढे ती बैठक गेली, नाव तेवढे राहिले आणि पिकअपच्या हौद्यावर येऊन बसले.

आजच्या पिढीतील विजेच्या पिकअप गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या त्या २०२१ सालापासून. त्या वर्षी रिव्हियन कंपनीची आर-१-टी आली, २०२२ साली फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आली आणि २०२३ च्या अखेरीस टेस्लाचा सायबरट्रक रस्त्यावर उतरला. तेलावरच्या गाडीला जे झाकण चालते ते हिला का चालू नये, असे कोणी विचारील. बहुतेक बाबतीत ते चालतेच. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि तो समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो.

लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. पेट्रोलच्या भाषेत बोलावयाचे तर ही ऊर्जा जेमतेम १५ लिटर पेट्रोलाइतकी भरते. एवढ्या शिदोरीवर त्या गाडीचा सरकारी चाचणीतील पल्ला सुमारे ५१५ किलोमीटर ठरला. तेलाच्या इंजिनात ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विजेच्या मोटारीत ही गळती फारच थोडी. शिदोरी लहान आणि उधळपट्टी कमी, अशा संसारात प्रत्येक बारीक खर्च डोळ्यांत भरतो. वाऱ्याचा विरोध हा त्यांतलाच एक खर्च. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून ११० किलोमीटरवर गेले, की तो जवळजवळ दुप्पट होतो.

उघड्या हौद्यात वाऱ्याचे काय होते, याविषयी लोकांत एक गैरसमज रूढ आहे. मागचा फाळका वाऱ्याला अडवितो, तेव्हा तो पाडून ठेवावा म्हणजे इंधन वाचेल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. टपावरून आलेली हवा हौद्यात उतरते, फाळक्याशी अडते आणि तेथेच भोवऱ्यासारखी फिरत राहते. हा भोवरा एखाद्या उशीसारखा हौदा भरून काढतो आणि वरची हवा त्याच्यावरून पुढे निघून जाते. फाळका पाडला की ही उशी मोडते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील केव्हिन कूपर यांनी २००४ साली या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ‘फाळका वर ठेवा’ असा सल्ला होता. हौद्यावर सपाट झाकण घातले म्हणजे हवेला वाट अधिक सरळ मिळते आणि विरोध आणखी थोडा घटतो.

हे ‘थोडा’ म्हणजे किती? समजा, हमरस्त्यावर शंभर युनिटांपैकी साठ युनिट हवेला रेटण्यात जातात आणि झाकणामुळे हवेचा विरोध शंभरात पाचाने कमी झाला. म्हणजे एकंदर बचत शंभरात तीन. चारशे किलोमीटरच्या प्रवासात बारा किलोमीटर अधिक पदरात पडले. कडाक्याच्या थंडीत, पुढचे चार्जिंगचे ठिकाण दूर असता, हे बारा किलोमीटरही मोलाचे ठरतील. परंतु पैशाचा हिशेब वेगळा आहे. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणारी आणि शंभर किलोमीटरला ३० युनिट खाणारी गाडी वर्षाकाठी ६,००० युनिट घेते. युनिटला १७ सेंट धरले तर खर्च १,०२० डॉलर, आणि बचत तीस डॉलर. तीही सारा प्रवास हमरस्त्यावरचा असेल तर. हजार डॉलरचे झाकण या मार्गाने आपली किंमत फेडावयास तेहेतीस वर्षे घेईल. तेवढ्या काळात गाडीही राहणार नाही आणि झाकणही. तेव्हा पल्ला वाढेल म्हणून झाकण घ्यावे, हा विक्रेत्याचा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि बाजूला ठेवावा.

मग झाकण घ्यावयाचे ते कशासाठी? मालाच्या रक्षणासाठी. येथे विजेच्या गाडीची एक सोय विचारात घेतली पाहिजे. पुढे इंजिन नसल्यामुळे बॉनेटखाली सामानाचा कप्पा मोकळा मिळतो. लाइटनिंगमध्ये तो ४०० लिटरचा असून त्याला कुलूप आहे. मौल्यवान आणि लहान हत्यारे तेथे सुरक्षित राहतात. ज्याचे जोखमीचे सामान त्या कप्प्यात मावते, त्याला हौद्यावर साधे झाकणही पुरते. ज्याचे मावत नाही, त्याने कठीण झाकणाचा विचार करावा.

झाकणांचे प्रकार मुख्यतः चार. पहिले गुंडाळीचे किंवा घडीचे मऊ झाकण. हे व्हिनाइलचे असते, वजनाला हलके, किमतीला स्वस्त आणि काढघालीला सोपे. मात्र चाकूच्या एका फटक्याने ते फाटते, कडक उन्हात त्याचा रंग व लवचीकपणा जातो आणि थंडीत आकसल्यामुळे ते ताणून बसविताना बोटे दुखतात. दुसरे घडीचे कठीण झाकण. अॅल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या तीनचार फळ्या बिजागरीने जोडलेल्या असतात. चोराला ते सहज दाद देत नाही. परंतु घडी घातल्यावर फळ्यांची चळत केबिनच्या मागे उभी राहते आणि काही रचनांत मागची काच झाकली जाते. तिसरे सरकते झाकण. दुकानाच्या शटरप्रमाणे ते रुळांवरून सरकून एका पेटीत शिरते. वापरावयास हे सर्वांत सुखाचे, पण ती पेटी हौद्याच्या पुढच्या टोकाशी जवळजवळ फूटभर जागा अडविते. लाइटनिंगचा हौदा साडेपाच फुटांचा आणि आर-१-टीचा साडेचार फुटांचा. एवढ्या तोकड्या जागेतून एक फूट गेला, तर प्लायवुडचा पत्रा किंवा सायकल ठेवणाऱ्याला ते जाणवल्यावाचून राहत नाही. चौथे एकसंध फायबरग्लासचे झाकण. ते दिसावयास देखणे आणि पावसाला चांगले, पण जड. उंच सामान न्यावयाचे झाल्यास ते उतरविण्यास दोन माणसे लागतात.

सरकत्या झाकणाला मोटर जोडण्याची हौस विजेच्या गाडीवाल्यांना विशेष असते. सायबरट्रकमध्ये असे झाकण कारखान्यातूनच बसवून येऊ लागले. रिव्हियनने मात्र आपले पहिले मोटरचे झाकण २०२२ साली थांबविले आणि पुढे ते नव्या रचनेने आणले. रुळांत धूळ, पानांचा कचरा आणि बर्फ साचतो, हे शटरचे जुने दुखणे आहे. मोटर लावल्याने ते बरे होत नाही. म्हणून असे झाकण घेणाऱ्याने वीज नसता ते हाताने उघडता येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

आता खास विजेच्या गाडीची पथ्ये. या गाड्यांच्या हौद्यात विजेचे सॉकेट असतात. लाइटनिंगवर ९.६ किलोवॅटपर्यंत वीज घेऊन करवत, वेल्डिंगचे यंत्र किंवा अडचणीच्या वेळी घरातील दिवे चालविता येतात. झाकणाचे रूळ किंवा पेटी या सॉकेटांवर येता कामा नये, आणि झाकण लावलेले असतानाही वायर बाहेर काढण्यास वाट राहिली पाहिजे. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे. हौद्याला भोके पाडून बसविण्याचे झाकण टाळावे. हौद्याच्या भिंतींतून सॉकेटांच्या तारा गेलेल्या असतात, आणि गाडीच्या तळाशी बॅटरी व उच्च दाबाच्या नारिंगी रंगाच्या वायरी असतात. कडेला चापांनी आवळून बसणारी झाकणे बाजारात मुबलक आहेत; त्यांना ड्रिलची गरज पडत नाही. तिसरे असे की, मोटरचे झाकण बारा व्होल्टच्या लहान बॅटरीला जोडावयाचे असल्यास ती जोडणी कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच करावी. ही लहान बॅटरी उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पाण्याविषयी एक खुलासा अवश्य आहे. जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, बहुतेक झाकणे पाऊस रोखतात, पाणी पूर्णपणे बंद करीत नाहीत. चांगल्या सरकत्या झाकणात पाणी रुळांच्या पन्हाळीतून बारीक नळ्यांवाटे खाली सोडलेले असते. या नळ्या पानांनी तुंबल्या, की पाणी आत उतरते. तेव्हा वर्षातून दोनदा त्या साफ करणे हा किमतीत न धरलेला पण टाळता न येणारा खर्च समजावा. झाकणाला कुलूप आणि फाळका सताड उघडा, हाही प्रकार पुष्कळदा आढळतो. फाळक्याला कुलूप नसेल, तर हजार डॉलरचे झाकण आणि गोणपाट यांत चोराच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

तात्पर्य, निवडीचा क्रम मालापासून सुरू व्हावा. हौद्यात रोज काय जाते, ते किती उंच असते, रात्री ते हौद्यातच राहते काय, आणि हौदा दिवसातून किती वेळा उघडावा लागतो, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली, तर तीन प्रकार आपोआप गळून पडतात. रात्री रिकामा होणाऱ्या हौद्याला मऊ झाकण शोभते. रात्रभर हत्यारे सांभाळणाऱ्याला कठीण झाकण आणि कुलपाचा फाळका हवा. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्याने सरकत्या झाकणासाठी एक फूट जागा खुशाल द्यावी. गाडी विजेची झाली, झाकणाला मोटर आली, तरी ताडपत्री आवळणाऱ्या क्लीनरचे शहाणपण जुने झालेले नाही. तो आधी माल पाहतो, मग आभाळ पाहतो आणि त्यानंतरच दोरीला हात घालतो.