पहिली स्पिंडल गाऊज कोणती घ्यायची?

लेथ घरी आला की पुढचा प्रश्न ठरलेला: हत्यार कोणतं घेऊ? आज फक्त स्पिंडल गाऊजबद्दल बोलूया.

गाऊज म्हणजे मधे पन्हळीसारखी खाच असलेली, कातकामाची पटाशी. आणि स्पिंडल काम म्हणजे लाटणं, खुर्चीचा पाय असली कामं. यात लाकडाच्या रेषा लेथच्या लांबीला समांतर असतात. वाडग्यात मात्र त्या सहसा आडव्या येतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत धारेला दोनदा उलट्या रेषा भेटतात. म्हणून वाडग्याची गाऊज वेगळी असते, खोल खाचेची आणि जास्त ताठ.

इथे एक धोका नीट ऐका. सेटमध्ये बऱ्याचदा एक रुंद रफिंग गाऊज येते. चौकोनी लाकूड गोल करायला ती मस्त. पण वाडग्याला ती लावायची नाही, म्हणजे नाहीच! दिसायला दणकट असली तरी मुठीत जाणारा तिचा भाग बऱ्याचदा बारीक आणि चपटा असतो. धार लाकडात रुतली की ती तिथेच मोडू शकते, आणि समोर तुम्ही उभे असता.

आता माप. गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा 16 पट होतो. म्हणजे 6 मिलिमीटरची गाऊज 12 च्या मानाने किती लवचिक असेल बघा. टूल रेस्टच्या पुढे ती जरा जास्त काढली की थरथरते, आणि लाकडावर लाटा उमटतात. उलट 12 ची गाऊज बारीक खाचेत शिरत नाही. म्हणून पहिली गाऊज 10 मिलिमीटरची घ्या. दोन मण्यांमधली अगदी अरुंद जागा कोरायची वेळ आली, तेव्हा 6 ची घ्या.

पोलाद एचएसएस घ्या. ग्राइंडरवर तापून निळं पडलं तरी त्याचा कडकपणा टिकतो. साध्या कार्बन पोलादाचा जातो. धारेचा कोन सुरुवातीला 40 अंशांच्या आसपास ठेवा.

बजेट कमी असेल तर आठ हत्यारांचा स्वस्त सेट सोडा. एक चांगली गाऊज घ्या आणि उरलेले पैसे धार लावायच्या सोयीवर घाला. बोथट गाऊज कितीही महाग असली तरी लाकूड ओरबाडतेच.

आणि हो, डोळ्यांवर नुसता गॉगल नको, पूर्ण चेहऱ्याची फेसशील्ड लावा. भेटू पुढच्या भागात!