कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : आधी निदान, मग खर्च



मोटारीच्या धुरातील विषारी वायूंचे प्रमाण घटविणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे साधन १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले. त्यातील प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे ते महाग असते. म्हणूनच त्याच्या बिघाडाचे निदान नीट होणे अगत्याचे आहे.

कन्व्हर्टरच्या पुढे व मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. अनेक मोटारींत पुढील सेन्सरचा विद्युत्‌दाब सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर कार्यक्षम असल्यास मागील सेन्सरचा दाब मात्र बव्हंशी स्थिर राहतो. दोन्ही सारखेच हेलकावू लागले, की मोटारीतील संगणक 'पी ०४२०' हा संकेत नोंदवितो व इंजिनाचा दिवा पेटतो.

तथापि एवढ्यावरून कन्व्हर्टर बदलणे उचित नव्हे. धुराच्या नळीला गळती असल्यास किंवा सेन्सरच बिघडल्यासही हा संकेत मिळू शकतो. शिवाय प्लगची ठिणगी चुकल्याने न जळालेले पेट्रोल, अथवा इंजिनात जळणारे ऑइल, चांगला कन्व्हर्टरही निकामी करते. हा मूळ दोष तसाच ठेवून बसविलेला नवा कन्व्हर्टरही लवकरच बाद होतो. यास्तव गळती, प्लग, ऑइलचा खप व सेन्सर यांची क्रमाने तपासणी झाल्यावरच कार्यालयीन वाहनाच्या अशा खर्चास मंजुरी द्यावी.

दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास गावाची हवा बिघडते. कारण न शोधता भाग बदलल्यास जनतेचा पैसा वाया जातो. दोन्ही टाळणे आपल्या हाती आहे.