राष्ट्राध्यक्ष अंथरुणाला खिळला तर



माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. घटनेची कलमे वाचायला मी युनियनच्या कचेरीत शिकलो, तेही अडले म्हणून. आमचे सरचिटणीस अर्धांगवायूने पडले. करारावर सही कोणी करायची? 'सरचिटणीस असमर्थ झाल्यास' एवढे शब्द आमच्या नियमांत होते. असमर्थ झाले असे म्हणायचे कोणी, हे नव्हते. घरी जावे तर मंडळी दारातच सांगत, "बरे आहे, चार दिवसांत येतील." असे सात महिने गेले.

पुढे वाचनात आले की अमेरिकेच्या घटनेतही हीच फट होती. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ते ७९ दिवस अंथरुणावर होते, मग वारले. उपाध्यक्ष आर्थर यांनी कारभार हाती घेतला नाही. घेतला असता तर गादी बळकावली असेच लोक म्हणाले असते.

विल्सन यांची गोष्ट याहून वाईट. ऑक्टोबर १९१९ मध्ये त्यांना झटका आला. कोणाला आत सोडायचे, कोणता कागद पुढे ठेवायचा, हे त्यांची पत्नी ठरवू लागली. डॉक्टर खरे दुखणे बाहेर सांगेनात. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या, तर फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांचाच राजीनामा मागण्यात आला. हा न्याय आम्हां कामगारांच्या चांगल्या परिचयाचा आहे! विल्सन मात्र मार्च १९२१ पर्यंत पदावर राहिले.

केनेडींच्या खुनानंतर लोक जागे झाले आणि १९६७ मध्ये पंचविसावी दुरुस्ती आली. राष्ट्राध्यक्ष स्वतः लेखी कळवून अधिकार सोपवू शकतो. बुश यांनी २००२ व २००७ मध्ये आतड्याच्या तपासणीसाठी सुमारे दोन तास तसे केले. पण तो कबूलच करीना तर? मग उपाध्यक्ष आणि निम्म्याहून अधिक मंत्री यांनी संसदेला लिहायचे, की कारभार लगेच उपाध्यक्षाकडे. राष्ट्राध्यक्ष 'मी ठीक आहे' म्हणाला, तर त्यांनी चार दिवसांत पुन्हा हरकत घ्यायची. मग संसदेने एकवीस दिवसांत निकाल द्यायचा, आणि दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते पडली नाहीत तर अधिकार परत त्याचेच. ही अट कडक आहे, पण मला ती पसंत आहे. निवडून दिलेला माणूस चार जणांच्या कुजबुजीने जाऊ नये.

माझी शंका निराळी आहे. मंत्री नेमतो तोच, काढतोही तोच. मग पहिली सही कोण करील? लॅन्सिंग यांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मंत्र्यांऐवजी दुसरे मंडळ कायद्याने नेमण्याची मुभा संसदेला आहे; तिने ते अजून नेमलेले नाही, आणि हा सक्तीचा मार्ग आजवर एकदाही वापरला गेलेला नाही.

आपल्या घटनेचे ६५ वे कलमही उघडून पाहा. राष्ट्रपती आजारी असल्यास काम उपराष्ट्रपती पाहतील, असे त्यात आहे. आजारी आहेत हे कोणी ठरवायचे, ते नाही.

आमच्या युनियनने नंतर नियम बदलला. दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मीच पहिला कागद लिहून दिला. दहा दिवसांनी कचेरीत गेलो, तर माझ्या खुर्चीवर बसून सहकारी सह्या करीत होता. खोटे कशाला सांगू, मला त्याचा राग आला.