जगाचा मान आणि भाड्याची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि आजवर माइक हातात धरला तो हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापुरता. पण यंदा कार्यकारिणीने "आपल्या गल्लीचे सण" असा विषय काढला, तेव्हा मनात साचलेले आहे ते बोलून टाकते. कुणाला झोंबले तर चहा घेताना मला सांगावे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा भरते. कोल्हापुरातून एसटीच्या गाड्या भरून माणसे जातात. ती परत आली की आपल्याकडे ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा होते. त्या दिवशी आपण काय काय करतो ते तुम्हाला मी काय सांगावे! ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात, गाजर. डबे बांधून सगळा गाव तिथे लोटतो आणि ओळख असो नसो, शेजारी बसलेल्याच्या पानात आपली भाकरी जाते. आपल्या गल्लीतले दुकानदार त्या दिवसासाठी वर्गणी देतात, कमान उभारतात, सरबत वाटतात. याबद्दल त्यांचे कौतुकच आहे.

आता त्या गर्दीत जग कोणाच्या डोक्यावर असतो? पुष्कळदा जोगत्याच्या. पुरुषाच्या देहाने जन्मलेला, पण लुगडे नेसलेला, कपाळाला भंडारा, संगतीला चौंडके. आपण वाकून पाया पडतो, लेकरू पुढे करतो, ओटी भरतो. पोरे देवाला सोडण्याची रूढी वाईटच होती. आपल्या शाहू महाराजांनी 1920 सालीच जोगतिणींच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, कर्नाटकात 1982 साली झाला, पुढे महाराष्ट्रातही झाला. ते योग्यच झाले. पण कायद्याने रूढी थांबते, माणसाचा जीव बदलत नाही. काहींचा जीव मुळातच बाईचा असतो, त्याला जट येण्याचे निमित्त लागत नाही. त्यांनी आता जायचे कुठे?

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याची गोष्ट निराळी. तो पुरुषच आहे, पण त्याला जोडीदार हवा तोही पुरुष. माझी थोरली बहीण दोन वर्षे त्याच्याशी बोलली नाही. मग एकदा तिला घेऊन मी पुण्याला गेले आणि तिथली अभिमान यात्रा पाहिली. पुण्यात ही यात्रा 2011 सालापासून निघते, बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने ती सुरू केली. मुंबईत 2008 साली निघाली, आणि देशातली पहिली कलकत्त्याला 1999 साली, जेमतेम पंधरा माणसांची. मी मिरवणुकीतला तो इंद्रधनुष्याचा झेंडा नीट पाहिला. रंग मोजले तर सहाच. बहीण काही बोलली नाही. मुलगा चालत होता आणि ती रस्त्याच्या कडेने त्याची पाण्याची बाटली सांभाळत बरोबरीने चालत होती, शेवटपर्यंत.

हे सगळे पूर्वी चोरून होते, कारण इंग्रजांनी 1860 साली केलेल्या कायद्यात 377 कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सांगितले की सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना ते लावता येणार नाही. तृतीयपंथीयांना त्याआधी 2014 सालीच न्यायालयाने मान्यता दिली. लग्नाचा हक्क मात्र 2023 साली नाकारला.

मोठ्या शहरांत आता कंपन्याही यात कौतुकाने भाग घेतात, जून महिन्यात आपल्या जाहिराती सहा रंगांत रंगवतात. जूनच का, हे भाच्याने सांगितले. 28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्क शहरात स्टोनवॉल नावाच्या गुत्त्यावर पोलिसांची धाड पडली आणि या लोकांनी उलटून तोंड दिले. पुढच्या वर्षी त्या दिवसाची आठवण म्हणून मिरवणूक निघाली. तो गुत्ता काही धर्मादाय नव्हता, भगिनींनो. मालक पाणी घातलेली दारू महाग विकत. तरी माणसे जात, कारण दुसरीकडे कुणी बसू देत नसे.

बसू देणे ही गोष्ट आपल्या कोल्हापूरला नवी नाही. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळाने चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून लोक फिरकत नव्हते. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवत, चहा मागवत, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. महाराजांनी दुकानावर कमान बांधून भागवले नाही. चहा प्याले.

आता आपल्या गल्लीकडे येते. गेल्या उन्हाळ्यात चटणी कांडपाच्या गिरणीत एक जोगतीण कामाला लागली. नाव घेत नाही. मिरच्या भाजण्यापासून चाळण्यापर्यंत हात साफ, आणि वजनात खोट नाही. पहिल्या आठवड्यात आपल्यातल्याच दोघी-तिघी पाट्या उचलून दुसऱ्या गिरणीत गेल्या. गिरणीवाले काका म्हणाले, "मिरची जाईल तर जाऊ दे, माणूस जाणार नाही." काकांनी ही गोष्ट फलकावर लिहिली नाही, म्हणून मी इथे सांगते. त्यातल्या एकीची चटणी यंदा पुन्हा तिच्याच हातून झाली, आणि ती जाळीदार भाजणी तिला आवडली हे तिनेच मला सांगितले.

काम मिळाले, पण खोली मिळेना. चार घरी विचारले. एके ठिकाणी आगाऊ पैसे घेऊन परत दिले. "आमच्या घरात पोरीबाळी आहेत," असे कारण. अहो, आंबील यात्रेला त्याच पोरीबाळींना आपण तिच्या पायाशी घालतो! सध्या ती रोज पंचगंगेपलीकडून दोन बस बदलून येते. रात्री गिरणी बंद झाल्यावर परतीची बस चुकली तर बसस्थानकावर बसून राहते.

दुकानदार बंधूंनी यंदाच्या कमानीसाठी वर्गणी काढली आहे, ती जरूर उभारावी. माझे मागणे एवढेच की खोलीची अनामत मंडळाच्या शिलकीतून द्यावी आणि ती दरमहा तिच्या पगारातून थोडी थोडी परत घ्यावी. गिरणीवाले काका जामीन राहायला तयार आहेत. खजिनदारबाईंनी हिशेब पाहिला आहे, पैसा पुरतो.

राहता राहिली खोली. आपल्या गल्लीत एक माडी दिवाळीपासून रिकामी आहे, नळ आतच आहे आणि जिना वेगळा आहे. तिच्या मालकीणबाई याच सभेत तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. सभा संपल्यावर त्यांनी माझ्याबरोबर चहाला थांबावे.