मैलापूरच्या उंबरठ्यावर

चेन्नई म्हणजे पूर्वीचे मद्रास. त्या शहराच्या दक्षिण भागात, समुद्राला लागून, मैलापूर ही फार जुनी वस्ती आहे. पार्वतीने मोराचे रूप घेऊन येथे शंकराची आराधना केली, अशी कथा आहे. तमिळ भाषेत मोराला ‘मयिल’ म्हणतात. कपालीश्वराचे गोपुर, शेजारचे विस्तीर्ण तळे आणि देवळाभोवतीचे चार रस्ते, हे या वस्तीचे हृदय. पंगुनी महिन्यात त्रेसष्ट शिवभक्तांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, तेव्हा मराठी माणसाला पंढरीच्या वाळवंटाची आठवण व्हावी इतकी दाटी तेथे होते.

अशा वस्तीत रोगाला वाट शोधावी लागत नाही. एका बाजूस जुन्या धाटणीची चौकाची घरे, दुसऱ्या बाजूस सांथोमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या दाट वसाहती. नगर आरोग्य परिचारिका खांद्याला पिशवी अडकवून या दोन्ही ठिकाणी फिरते. दारापुढे सकाळी घातलेले कोलम न मोडता ती उंबरठा ओलांडते, घरच्या वडीलधाऱ्या बाईला ‘अम्मा’ म्हणून हाक मारते, बाळाच्या लसीची चौकशी करते. आणि हे सारे चालू असता तिचा एक कान आतल्या खोलीकडे असतो. तेथे कोणी खोकते आहे काय?

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, ही क्षयाची ओळखीची पावले होत. परंतु घरातील माणसे त्यांना दुसरी नावे देतात. ‘हवा बदलली’, ‘विडीचा खोकला आहे’, ‘सून जरा अशक्तच आहे.’ लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर नावही नको असते. म्हणून शहाणी परिचारिका रोगाचे नाव पहिल्या दिवशी उच्चारीत नाही. ती थुंकीच्या तपासणीसाठी डबी ठेवते, ती कशी भरावयाची ते सांगते, आणि न चुकता परत येते. या परत येण्यातच तिची निम्मी विद्या आहे.

क्षयाच्या बाबतीत मद्रास शहराने साऱ्या जगाला एक धडा दिला, आणि त्यात घरोघर फिरणाऱ्या या स्त्रियांचा वाटा मोठा होता. एकेकाळी क्षयी माणसाला घराबाहेर काढणे हाच उपाय समजला जाई. महाराष्ट्रातील किती कुटुंबांनी आपले माणूस मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात पोहोचवून डोळे पुसले असतील! पण खाटा थोड्या आणि रोगी अगणित. 1952 साली आयसोनियाझिड या औषधाचा गुण सिद्ध झाला आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: औषध जर घरी घेता येते, तर रोग्याने घर का सोडावे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी 1956 साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उद्योग होता, डॉ. वॉलेस फॉक्स हे त्यातील प्रमुख संशोधक. शहरातील 193 गरीब रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एक गट आरोग्यधामात गेला, दुसरा आपापल्या कोंदट घरात राहिला. औषधे दोघांनाही तीच, एक वर्षभर. घरच्या रोग्यांना विश्रांती कमी मिळाली, आहारही निकृष्ट, आणि वजनही आरोग्यधामातील रोग्यांइतके वाढले नाही. तरीही वर्षअखेर रोगजंतूंच्या दृष्टीने आजार शमलेल्यांचे प्रमाण घरी शेकडा 86 व आरोग्यधामात शेकडा 92 आढळले. हा अहवाल 1959 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

त्याहून मोलाचा निष्कर्ष कुटुंबीयांविषयी होता. रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांत क्षयाचे प्रमाण अधिक झाले नाही. याचे कारण पुढे उमगले. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्ती लवकर ओसरते. खरा प्रसार होतो तो निदानापूर्वी, ज्या महिन्यांत घर त्या खोकल्याला ‘हवा बदलली’ म्हणत असते.

मात्र औषध दिले म्हणजे ते पोटात गेले असे नव्हे. आयसोनियाझिडच्या जोडीचे पॅस हे औषध फार मोठ्या मात्रेत घ्यावे लागे व पोटाला बाधे. बरे वाटू लागले की रोगी ते हळूच टाळी. तेव्हा केंद्राच्या परिचारिका न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, लघवीचा नमुना घेत. त्यात फेरिक क्लोराइड टाकले की रंग पालटण्यावरून औषध घेतले की नाही ते कळे. हे पहारेकऱ्याचे काम. पण ते पहारेकऱ्यासारखे केले तर दार कायमचे बंद होई. औषध समक्ष गिळवून घेण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिचे एक मूळ याच अनुभवात आहे.

लसीच्या कथेतही हे शहर येते. 1948 साली गिंडी येथे बी.सी.जी. लसीची प्रयोगशाळा निघाली. पुढे 1968 मध्ये चिंगलपेट जिल्ह्यात सुरू झालेल्या प्रचंड चाचणीने प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून ही लस राखीत नाही असे दाखविले. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाचा क्षय व तत्सम भयंकर प्रकारांपासून ती वाचविते, म्हणून जन्मतःच टोचतात. परिणामी प्रौढांसाठी भरवसा उरतो तो लवकर शोधण्यावरच.

आज चार औषधांनी प्रारंभ करून साधारण क्षय सहा महिन्यांत बरा करता येतो. परंतु तिसऱ्या महिन्याची अडचण तीच आहे. खोकला थांबलेला असतो, भूक लागू लागते, कोळी पुन्हा होडी ढकलू लागतो. परिचारिका दुपारी दाराशी येते, तेव्हा तो समुद्रावर गेलेला. ती उन्हात पायरीवर बसते, त्याच्या बायकोकडून गोळ्यांची पट्टी मागून घेते, रिकामी घरे मोजते आणि होडी किती वाजता परतते ते विचारून ठेवते.