एकच जहाज, दोन सफरी आणि मावशींची फाईल

आम्ही खडकीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज विषय जरा लांबचा आहे. आमच्या गटातल्या एक मावशी मोठ्या जहाजातून सिंगापूर, मलेशिया, थायलंड फिरून आल्या. तेही एकदा नाही, एकाच जहाजावर लागोपाठ दोन सफरी करून. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय जहाजाचं? पण निम्मं बोलणं आधार कार्डाबद्दलच होणार आहे, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

मावशींचं नाव आम्ही सांगत नाही. त्या ५३ वर्षांच्या, चौथी शिकलेल्या, माहेर जुन्नर तालुक्यातलं. सहा वर्षं झाली, खडकीतच एका आजींकडे त्यांना सांभाळायला जातात. आजी मूळच्या कोकणातल्या. लहानपणी आईबरोबर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून आजोळी जायच्या. तिकीट काढलं की झालं, कागद कसला नि काय. आता गुडघे गेले, पण समुद्राची ओढ गेली नाही. म्हणून मुलाने सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची सफर ठरवली. ऑस्ट्रेलियातल्या मुलीला भावाच्या तारखा जमेनात. तिने त्याच जहाजाची पुढची तीन रात्रींची सफर काढली. आजींनी मधे उतरायचं नाही, सामान हलवायचं नाही, खोली तीच. सोमवारी निघायचं, शुक्रवारी सकाळी परत सिंगापूर. मुलगा उतरणार, मुलगी चढणार, आणि शुक्रवारी संध्याकाळी तेच जहाज पुन्हा निघणार. आजी म्हणाल्या, "ही माझ्याबरोबर नसेल तर मी येत नाही." ही म्हणजे मावशी.

मावशी घाबरल्या. गटात येऊन म्हणाल्या, "माझ्याकडं एकच कागद धड हाय, रेशन कार्ड."

आम्ही सगळे कागद चटईवर मांडले. मावशींचं नाव समजा लक्ष्मी आहे असं धरा. आधारवर इंग्रजीत ते 'एक्स' घालून लिहिलेलं, पॅन कार्डावर 'के-एस-एच' घालून. बँकेच्या पासबुकात नवऱ्याचं नाव नुसतं एका अक्षरात. आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९७७. ही १ जानेवारी तुमच्याही घरात सापडेल, बघा. कार्ड काढताना वय विचारलं, बाईने अंदाजाने सांगितलं, समोरच्याने त्या वर्षाची १ जानेवारी टाकली. मावशी तर म्हणत होत्या की त्या ७२ च्या दुष्काळातल्या.

पाच वर्षांनी काय बिघडतं, असं आम्हालाही वाटलं. बिघडतं. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा येतो. ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि त्या १८ देशांत मलेशिया आणि थायलंड दोन्ही आहेत. फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही, पण विमानतळावर प्रश्न विचारतात. वयाची ५० वर्षं पूर्ण झाली असतील तर शिक्षण कमी असलं तरी हा शेरा येत नाही. म्हणजे आधारवरच्या मावशी ४८ च्या, त्यांना शेरा. खऱ्या मावशी ५३ च्या, त्यांना नाही.

मग मावशी आणि आमच्यातली एक जण एसटीने जुन्नरकडे गेल्या. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत. दाखला मिळाला, वर्ष १९७२. मग ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक भाऊंनी जुनी नोंदवही काढली आणि नशीब म्हणायचं, जन्माची नोंद नावासकट सापडली. त्याचा दाखला घेतला. पण त्यावर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. ही एकच बाई आहे हे सांगणारा कागद म्हणजे लग्नाच्या नोंदीचा. पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र सक्तीचं राहिलेलं नाही, २०१६ च्या डिसेंबरात ती अट काढली. तरी दोन नावं जोडायला तोच कागद कामाला येतो. मावशींच्या लग्नाची नोंदच नव्हती. ३५ वर्षांनी नवरा-बायको दोघं जाऊन नोंद करून आले. काका म्हणाले, "आता कुठं मी कायद्याने अडकलो."

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते आणि नाव दोनदा, हे लक्षात ठेवा. म्हणून घाई करून चुकीचा बदल करू नका. आधी सगळे दाखले हातात घ्या, इंग्रजी स्पेलिंग एक ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मगच केंद्रावर जा. आम्ही मावशींचं नाव एका वहीच्या पानावर लिहून ते पान जिथे जाईल तिथे पुढे केलं. तोंडी सांगितलंच नाही.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरला. सरकारची साइट 'गव्ह डॉट इन' ने संपते. तशीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी खोटी दुकानं पुष्कळ आहेत. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये लागतात, दहा वर्षं चालतो. आम्हाला मुंढव्याचं सेवा केंद्र पडलं. बऱ्याच जिल्ह्यांत पोस्टातही पासपोर्टचं केंद्र असतं, तुमच्या जवळचं विचारा. पुढे पोलिस चौकशी झाली. घरी पोलिस आलेला पाहून गल्लीत चर्चा झाली ती वेगळी.

पासपोर्ट आला. शेरा नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो.

आता खरी गंमत ऐका. तिकिटं आली दोन. पहिलं मुलाने इथे एका एजन्सीकडून काढलेलं, दुसरं मुलीने तिकडून. मुलीने बुकिंग केलं तेव्हा पासपोर्ट यायचा होता. तिच्याकडे मावशींच्या जुन्या आधारचा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो होता. म्हणजे पहिल्या सफरीत मावशी 'के-एस-एच' च्या आणि दुसऱ्या सफरीत 'एक्स' च्या, वर जन्मसाल १९७७. जहाज एक, बाई एक, पण कागदावर दोन बायका. शिवाय दुसऱ्या तिकिटावर खोलीचा नंबरही वेगळा. जहाज तेच असलं तरी कंपनीच्या लेखी दोन सफरी म्हणजे दोन वेगळे प्रवास. बुकिंग नंबर दोन, ऑनलाइन चेक-इन दोनदा, चढायचे पास दोन. मुलीला फोन करून नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घेतलं. हे दोन बुकिंग एकाच माणसाचे आहेत, खोली एकच द्या, असं तिने कंपनीला कळवलं. असं आधी कळवावं लागतं. आपोआप होत नाही.

मग व्हिसा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. तो कागदावर छापून येतो. मावशींचा आला, एजन्सीने अभिनंदन पाठवलं, आजींच्या मुलाने अंगठा दाखवला. आमची सवय अशी की बँकेचा कागद असो की कुठला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायचं. एका ओळीत लिहिलं होतं, एकच प्रवेश.

आम्ही मावशींना विचारलं, सिंगापुरात किती वेळा शिरणार? त्या म्हणाल्या, एकदाच की. मग बोटं मोडली. रविवारी विमानाने उतरणार, ही एक. सोमवारी जहाजात बसल्या की सिंगापूर सोडलं. शुक्रवारी जहाज परत आलं, ही दोन. संध्याकाळी पुन्हा बाहेर. पुढच्या सोमवारी परत येऊन विमान पकडायचं, ही तीन. खोली बदलली नाही, बॅग हलली नाही, तरी देशाचा दरवाजा तीनदा ओलांडायचा. एका प्रवेशाचा व्हिसा पहिल्या रविवारीच संपला असता. शुक्रवारी सकाळी आजी आत आणि मावशी दारात, असं झालं असतं. आजींचा व्हिसा अनेक प्रवेशांचा होता, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

चूक कशी झाली? एजन्सीने अर्जाला फक्त पहिल्या सफरीचं तिकीट जोडलं होतं. दुसरं त्यांच्याकडून काढलेलं नव्हतं, म्हणून धरलंच नाही. आम्ही दोन्ही तिकिटं आणि तारखांचा एक साधा तक्ता देऊन पुन्हा अर्ज करायला लावला. भरलेली फी परत मिळत नाही. दुसऱ्यांदाची फी मावशींकडून घ्यायची भाषा झाली तेव्हा आम्ही चार जणी आजींच्या घरी जाऊन बसलो. मुलगा समंजस, त्याने भरली. या वेळी अनेक प्रवेशांचा आला.

तिथेच आम्ही आणखी दोन गोष्टी बोलून घेतल्या. त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण मावशी फिरायला नाही, रात्रंदिवस आजींना सांभाळायला जाणार होत्या. आणि पासपोर्ट मावशींच्याच पिशवीत राहील. सगळे पासपोर्ट एका जागी ठेवू म्हणजे हरवणार नाहीत, असं मुलगा म्हणत होता. हेतू चांगला होता. तरी आम्ही नाही म्हटलं. परमुलखात बाईजवळ तिचा पासपोर्ट हवा. जहाजावर तपासणीसाठी मागितला तर द्यायचा, परत कधी मिळणार ते विचारूनच.

व्हिसाशिवाय प्रत्येक देशाचा एक आगमन-फॉर्म असतो, मोबाईलवर भरायचा. सिंगापूरचा फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट खोटी समजा. तो पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतो आणि दर प्रवेशाला नवा भरावा लागतो. म्हणजे मावशींचे तीन. मलेशियाचे दोन, कारण पेनांग पहिल्या सफरीत आणि पोर्ट क्लांग दुसऱ्या. थायलंडचा एक, फुकेतसाठी. मलेशिया आणि थायलंडला मावशी गेल्या तेव्हा व्हिसा लागला नाही, पण हे नियम वरचेवर बदलतात, तिकिटाआधी विचारून घ्या. अडचण अशी की दुसरा फॉर्म भरायच्या दिवसांत मावशी भर समुद्रात, आणि जहाजावर इंटरनेट महाग. मग ते आम्हीच भरले. बुधवारी गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करता करता मावशींचं सिंगापूरचं कार्ड भरलं. दुसऱ्याने भरलं तरी चालतं, पासपोर्टचा नंबर आणि तारखा बरोबर हव्यात. मावशींच्या नावाने ईमेल उघडावा लागला. तो आणि त्याचा पासवर्ड वहीच्या त्याच पानावर.

विमा काढताना पहिल्या दिवसापासून घरी येईपर्यंतचे सगळे दिवस धरा, मधला शुक्रवारसुद्धा. आजींची औषधं दोन्ही सफरींना पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. आणि मावशींनी प्रेमाने केलेले अनारसे आम्ही डब्यातून काढून घेतले. सिंगापूरला खसखस नेता येत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. तंबाखू, गुटखाही चालत नाही. तंबाखूवरून मावशी आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. अनारसे आम्ही खाल्ले.

शुक्रवारचं मावशींनी आल्यावर सांगितलं ते असं. सकाळी जहाज लागलं. मुलगा सामान घेऊन निघाला. आजींची चाकाची खुर्ची ढकलत मावशी खाली उतरल्या. बॅगा खोलीतच. हातात फक्त प्लास्टिकची फाईल, त्यात पासपोर्ट, व्हिसा, आमचं कार्ड छापलेलं नव्हतं म्हणून फोनमध्ये, आणि दुसऱ्या सफरीचा पास सगळ्यात वर. खिडकीतल्या बाईने पासपोर्ट पाहिला, बोटांचे ठसे घेतले आणि काहीतरी इंग्रजीत विचारलं. मावशींनी दुसरा पास पुढे केला आणि जहाजाकडे बोट दाखवलं. झालं. पलीकडे आजींची मुलगी उभी होती. खोलीचं जुनं कार्ड चालेना, नवं दिलं. नंबर मात्र तोच.

परत आल्यावर बैठकीत सगळ्यांनी आधी पासपोर्ट मागितला, सिंगापूरचा शिक्का बघायला. तो नव्हताच. तिथे आता शिक्का मारत नाहीत, ईमेल येतो. मावशी जरा खट्टू झाल्या. मग आम्ही त्यांचा ईमेल उघडून दाखवला. एक, दोन, तीन. तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं होतं.

आता आमच्या गटात दर बैठकीला दोघींचे कागद चटईवर मांडतो. १ जानेवारीवाल्या आत्तापर्यंत सात निघाल्या.